नमुना क्रमांक चार

सियागंजात, हिंगाच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही एक फोन बनवत होतो
ज्याची काच स्पर्शाला ओ देत नाही.
बोट फिरवा, पुसा, टिचकी मारा,
काच नुसती काच.
जे सांगायचं ते खाली, पस्तीस बटणांना.

मुर्तझाच्या वहीत तीन चित्रं होती:
जॅक वरच्या कडेला,
जॅक खालच्या कडेला,
जॅक नाहीच. त्या जागी दोन मिलिमीटर जास्तीची बॅटरी
आणि खोक्यात एक छोटी शेपटी, पहिल्याच आठवड्यात हरवायला.
तिसऱ्या चित्राखाली सगळा हिशेब मांडलेला.
पहिल्या दोहोंखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

चाचणीला आम्ही रामबागेतून बोलावलं
बळवंत मुळ्यांना.
जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट.
हात आता थरथरतो.
सुनेच्या फोनवर त्यांची एक टिचकी तीन होते;
एकदा विजेचं बिल तीनदा भरलं गेलं,
एकदा सकाळी सहाला कुणा अनोळखी बाईंना
व्हिडिओ कॉल.
"चांगल्या होत्या," ते म्हणाले. "झोपेत होत्या, पण चांगल्या."

नमुना हातात घेतला, चष्मा काढून ठेवला.
अंगठ्यांनी बटणं दाबून पाहिली
जशी भेंडीची टोकं मोडून बघतात.
मग खिडकीबाहेर, हातगाड्या मोजत असल्यासारखे बघत
त्यांनी आपलं नाव लिहिलं.

पडद्यावर उमटलं: बलवंत मुले.

मुर्तझाला काहीच खटकलं नाही,
त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं.
बटणांचा तक्ता माझा. मी,
घरी शाळिग्राम, ऑफिसात शालिग्राम,
पस्तीस बटणांत ळ बसवायला विसरले होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "रेशनकार्डावर तेच आहे,
पेन्शनच्या कागदावरही.
बाहेर मी मुले.
मुळे फक्त जेवताना."

मग खिशातून हेडफोन निघाला,
पिवळी पडलेली वायर, मध्ये एका ठिकाणी चिकटपट्टी,
आणि तिसऱ्या नमुन्याच्या चारी कडा फिरवून
ते भोक शोधू लागले.
काका, ब्लूटूथ है ना, मुर्तझा म्हणाला,
वायर का झंझट ही नहीं.

"झंझट हवी की.
मी उठतो, फोन खुर्चीवर राहतो.
वायर असली की कान ओढते.
आयुष्यभर साहेब बोलले, मी टाइप केलं;
बोलणारा कुठे बसलाय
ते कळायला नको?"

वर की खाली?
त्यांनी शर्टाच्या खिशात फोन उभा टाकून दाखवला.
वर.
खाली असेल तर उलटा टाकावा लागेल,
आणि उलटं काही खिशात टाकायची त्यांना सवय नाही.

मुर्तझाने बॅटरीचा आकडा खोडला,
आधी पेन्सिलीने. जेवून आल्यावर पेनाने.
मी ल च्या बटणाच्या कोपऱ्यात
सुईने ळ कोरला. दोनदा दाबला की यावा असा.
वाकडा आला, दोन्ही गाठी
एकमेकींकडे न बघणाऱ्या.

पंधरा दिवसांनी चौथा नमुना घरी पाठवला.
कुरिअरच्या चिठ्ठीवर, अर्थात, श्री. बलवंत मुले.
रात्री पावणेअकराला माझ्या फोनवर एक ओळ आली,
नवी रिबन चढवल्यावर टायपिस्ट काढून बघतात तशी:

ळळळळ ळळळळ ळळळळ ळळळळ

त्याखाली:
जॅक घट्ट आहे. वायर ओढली तर फोन येतो,
जॅक सुटत नाही. असू द्या.

आणि बऱ्याच वेळाने, मी दिवा घालवल्यावर:
ळ जरा उशिरा येतो.